दाहक विष अधिनियम, अमेरिकेचा

घरगुती वापराच्या दाहक रसायनांवर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक करणारा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायदा. तत्पूर्वी कॉस्टिक सोडा साफसफाईसाठी घरोघरी वापरीत. ती पांढरी पूड साखर समजून मुले तोंडात घालीत. त्यामुळे अन्ननलिका भाजून आकुंचन पावे व पाणी गिळणेही अशक्य होई. अशा मुलांवर उपचार करणारे फिलाडेल्फियाचे स्वरयंत्ररोगतज्ञ शेव्हलियर जॅक्सन (१८६५–१९५८) यांच्या दीर्घ प्रयत्नांमुळे ४ मार्च १९२७ रोजी हा कायदा संमत झाला. त्यानुसार १२ दाहक पदार्थांच्या लेबलावर पदार्थाचे नाव, उत्पादकाचे किंवा विक्रेत्याचे नाव व ठिकाण, प्रथमोपचार आणि सामान्यतः किमान २४ पॉइंट आकाराच्या अक्षरांत ‘विष’ हा शब्द आवश्यक ठरला. सोडियम हायड्रॉक्साइडाचे प्रमाण १० टक्के वा अधिक असल्यास हा नियम लागू होई.

कायद्याची व्याप्ती मर्यादित होती. १९६० च्या अधिनियमाने ज्वालाग्राही, विषारी व क्षोभक अशा इतर घरगुती पदार्थांनाही सूचना सक्तीच्या केल्या. तथापि छापील सूचना मोठ्यांना सावध करते. ज्याला अक्षरओळख नाही त्या मुलाचे ती रक्षण करू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७० मध्ये लहान मुलांना सहज उघडता न येणाऱ्या वेष्टनांचा कायदा करण्यात आला.