वराहज्वराचा प्रतिरक्तरस

वराहज्वर हा डुकरांचा व्हायरसजन्य, अत्यंत सांसर्गिक व बहुधा प्राणघातक रोग होय. प्रारंभी तो एका सूक्ष्मजंतूमुळे होतो, असा समज होता. अमेरिकेच्या कृषी खात्यातील ई. ए. द श्वाइनिट्झ व मॅरियन डॉर्सेट यांनी १९०३ मध्ये तो चुकीचा ठरविला. रोगी डुकराचा रक्तरस सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून टोचला, तरी रोग होतच होता. पुढे डॉर्सेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिक्षम डुकरांना रोगी रक्ताची मोठी मात्रा टोचली व प्रतिपिंडांनी समृद्ध झालेले त्यांचे रक्त शेपटीचे टोक कापून काढून घेतले. त्यापासून केलेला प्रतिरक्तरस पिलांना तत्काळ संरक्षण देई. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांपासून तयार केलेल्या सर्पविषप्रतिरसाचे तत्त्वही हेच आहे.

मात्र ही प्रतिरक्षा उसनी असल्याने काही आठवड्यांतच ओसरे. ती टिकावी म्हणून प्रतिरक्तरसाबरोबरच जिवंत व्हायरस असलेले रक्त टोचण्याची पद्धत निघाली. तिने प्रतिरक्षा दीर्घकाळ टिके. पण रस दुर्बल निघाला, तर लस टोचणाराच कळपात रोग नेऊन सोडी. निकृष्ट रसाच्या तक्रारींमुळे अमेरिकेत १९१३ मध्ये अशा पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. सुधारलेल्या लशी आल्यावरही जिवंत व्हायरसाचा वापर पूर्ण थांबविल्यावाचून रोगाचे उच्चाटन शक्य नव्हते. अमेरिका रोगमुक्त झाल्याची घोषणा १९७८ मध्ये झाली.

भारतात या रोगाची नोंद १९४४ मध्ये अलीगढ येथे झाली. सशांत वाढवून सौम्य केलेल्या व्हायरसाची लस भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत १९६४ मध्ये तयार झाली. या संस्थेचा उगम १८८९ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत आहे. मुंबई उपनगरातील बोरिवलीच्या शासकीय बेकन कारखान्यासारख्या प्रकल्पांमुळे संकरित डुकरे एकत्र पाळली जाऊ लागली, तेव्हा पिलांच्या संरक्षणाला विशेष महत्त्व आले.

डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. पिलू जन्मतः त्यांच्यावाचून असते व ती त्याला चिकातूनच मिळतात. आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता सुमारे चोवीस तासांत संपते; त्यामुळे मागे पडलेले, अशक्त पिलू या ठेव्याला मुकते. तथापि हीच मातृप्रतिपिंडे लशीतील व्हायरसालाही निष्प्रभ करतात. म्हणून प्रतिक्षम डुकरिणीच्या पिलांना लस सामान्यतः सहा ते आठ आठवड्यांनंतर टोचतात.