मेथीचा वाफा आणि जंगलखाते

मेथीच्या वाफ्याचा १८७८च्या वनकायद्याशी काय संबंध?

मेथी, चुका, चाकवत या भाज्या थोड्याच दिवसांत काढणीला येतात. त्यांना कुजलेले शेणखत आधीच मातीत मिसळलेले लागते. ते शेण गायरानात आणि रानात चरणाऱ्या जनावरांचे. नव्या कायद्याने राखीव वनांतील चराईवर निर्बंध आणले.

माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, जंगलखात्याने शेतकऱ्यांची चराऊ राने गिळल्याची तक्रार मांडली.

१८९३मध्ये इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ व्हॉल्कर यांच्या अहवालाने दुसरी बाजू दाखवली: सरपण मिळत नाही, म्हणून शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो.

चारा आटला आणि उरलेले शेण चुलीत गेले. वाफ्याचा कस रानाच्या हद्दीवर ठरत होता.