अल्काझी छायाचित्रसंग्रह

अल्काझी छायाचित्रसंग्रह : दक्षिण आशियातील ऐतिहासिक छायाचित्रांचा एक विख्यात खाजगी संग्रह. नाट्यदिग्दर्शक व कलासंग्राहक इब्राहिम अल्काझी (१८ ऑक्टोबर १९२५–४ ऑगस्ट २०२०) यांनी तो अनेक वर्षांच्या परिश्रमाने जमविला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या सुमारे एक लाख प्रतिमा त्यात असून एकेरी छापप्रती, छायाचित्रपुस्तके (अल्बम), कागदावरील व काचेवरील ऋणप्रती (निगेटिव्ह) आणि हाताने रंगविलेली छायाचित्रे असे त्यांचे प्रकार आहेत. भारताखेरीज ब्रह्मदेश (म्यानमार), श्रीलंका, नेपाळ, अफगाणिस्तान इ. प्रदेशांतील छायाचित्रेही त्यात आढळतात. पूर्वी न्यूयॉर्क, लंडन व दिल्ली अशा तीन ठिकाणी विभागलेल्या या संग्रहाची व्यवस्था दिल्ली येथील ‘अल्काझी फाउंडेशन फॉर द आर्ट्‌स’ या न्यासाकडे (स्थापना २००६) आली.

संग्राहक : अल्काझी यांचा जन्म पुणे येथे एका अरब व्यापारी कुटुंबात झाला. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत व मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी लंडनच्या ‘रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’मध्ये नाट्यकलेचे शिक्षण घेतले. मुंबईत ‘थिएटर युनिट’ या संस्थेद्वारे त्यांनी केलेल्या कार्याचा प्रभाव मराठी प्रायोगिक रंगभूमीवरही पडला. १९६२ ते १९७७ या काळात ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. तेथून निवृत्त झाल्यावर त्यांनी पत्नी रोशन अल्काझी यांच्यासह दिल्लीत ‘आर्ट हेरिटेज’ हे कलादालन चालविले. पुढे त्यांचे लक्ष जुन्या छायाचित्रांकडे वळले. पाश्चात्त्य देशांतील लिलावांतून व विक्रेत्यांकडून त्यांनी भारतविषयक छायाचित्रे मिळविली. ज्या काळात भारतातील अभ्यासकांनी अशा सामग्रीकडे फारसे लक्ष दिले नव्हते, त्या काळात हे काम सुरू झाले, हे त्याचे पहिले महत्त्व होय. २०१० मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

पूर्वपीठिका : छायाचित्रण भारतात येण्यापूर्वी वास्तूंची व लोकजीवनाची नोंद चित्रकारांच्या हातून होत असे. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने चित्रकार जेम्स वेल्स याच्याकडून तसेच गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराकडून पुष्कळ चित्रे काढून घेतली. वेल्सने वेरूळच्या लेण्यांची काढलेली रेखाटने त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅन्येल याने १८०३ मध्ये मुद्रित रूपात प्रसिद्ध केली.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची कला यूरोपात जाहीर झाली व अल्पावधीतच ती भारतात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण-संस्था (फोटोग्राफिक सोसायटी) स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आद्य भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने पुरातन वास्तूंची चित्रे काढविण्याऐवजी त्यांची छायाचित्रे घ्यावीत असे धोरण स्वीकारले. त्यानुसार मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज याची नेमणूक केली व त्याने विजापूर, बादामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. चित्रकाराच्या हाताची जागा यंत्राने घेतल्यामुळे नोंद बिनचूक होईल, अशी यामागील अपेक्षा होती. ती कितपत सफल झाली, हे अशा संग्रहांच्या अभ्यासातूनच कळू शकते.

संग्रहातील सामग्री : अल्काझी संग्रहात लिन्यस ट्राइप, फेलीचे बेआतो, राजा दीनदयाळ प्रभृती छायाचित्रकारांच्या कृती आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याचे सरसंचालक (१९०२–२८) जॉन मार्शल यांच्याशी संबंधित छायाचित्रपुस्तकेही त्यात समाविष्ट आहेत.

यांतील ॲलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याची हंपीची छायाचित्रे विशेष मोलाची आहेत. १८५६ मध्ये त्याने मेण चढविलेल्या कागदी ऋणप्रतींवर विजयानगरचे अवशेष टिपले. विठ्ठल मंदिरासमोरील दगडी रथावर त्या काळी विटांचे शिखर होते व ते या छायाचित्रात स्पष्ट दिसते. पुढे ते काढून टाकण्यात आले. आज हंपीस जाणारा प्रवासी जो रथ पाहतो, तो मूळचाच तसा होता असे त्याला वाटते. हा समज केवळ एका कागदी ऋणप्रतीमुळे दूर होतो. १९८३ मध्ये जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे घेतली. दोहोंच्या तुलनेमुळे अवशेषांत घडलेले फेरफार तपासणे शक्य झाले.

छायाचित्राची साक्ष : संग्रहातील प्रत्येक प्रतिमा जशीच्या तशी सत्य मानता येत नाही. बेआतो याने १८५८ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेचे छायाचित्र घेतले. त्यात अंगणात विखुरलेले सांगाडे दिसतात. तेथील लढाई मात्र नोव्हेंबर १८५७ मध्ये, म्हणजे काही महिने आधी झाली होती. त्यामुळे परिणाम साधण्यासाठी हाडे मुद्दाम मांडून ठेवली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मुंबईच्या विल्यम जॉन्सन याने शहरातील विविध जातिजमातींवर दोन खंडांचा ग्रंथ काढला (१८६३, १८६६). त्यासाठी त्याने चित्रशाळेत घेतलेल्या व्यक्तींच्या आकृती कापून दुसऱ्याच निसर्गदृश्यांवर बसविल्या. म्हणजे व्यक्ती खऱ्या व स्थळही खरे, परंतु दोहोंचा संबंध कल्पित.

म्हणून छायाचित्र कोणी, केव्हा, कोणासाठी व कोणत्या क्रमात ठेवण्यासाठी घेतले, हे कळल्याखेरीज त्याला साधनाचे मूल्य येत नाही. विक्रेते पुष्कळदा जुनी छायाचित्रपुस्तके फोडून सुटी पाने विकतात. सुट्या पानाला किंमत येते, परंतु त्याचा संदर्भ तुटतो. मूळ पुस्तक अखंड ठेवणे, त्यावरील हस्ताक्षरातील टिपा जपणे व पूर्वीच्या मालकांची परंपरा नोंदविणे, हे संग्राहकाचे खरे कार्य होय. अल्काझी संग्रहाच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत लखनौ (२००६), विजयानगर (२००८), मार्शल यांची छायाचित्रपुस्तके (२०१०) व राजा दीनदयाळ (२०१३) यांवरील ग्रंथ उल्लेखनीय आहेत. त्यांमध्ये छायाचित्रांबरोबरच त्यांच्या निर्मितीच्या हेतूंचीही चर्चा केलेली आहे.

मराठवाडा व चित्रसाधने : अशा संग्रहांचे मोल मराठवाड्याच्या संदर्भात अधिक जाणवते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे त्याची चित्रसाधने मुंबई इलाख्याच्या दप्तराबरोबरच हैदराबादच्या दरबारी परंपरेतही शोधावी लागतात. दीनदयाळ (१८४४–१९०५) हे सहावा निजाम मीर महबूब अली खान याचे दरबारी छायाचित्रकार होते व ‘राजा’ हा किताब त्यांना त्याच्याकडून मिळाला. निजामी मुलखातील वास्तू, दरबारी समारंभ, शिकारी यांच्या जोडीला त्यांच्या चित्रशाळेने १८९९–१९०० च्या दुष्काळातील औरंगाबाद भागातील उपासमारीने खंगलेल्या लोकांचीही छायाचित्रे घेतली. एकाच चित्रशाळेतून निघालेल्या या दोन प्रकारच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या, तरच त्या काळाचे पुरे दर्शन घडते. दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या ऋणप्रती १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या.

मूळ वास्तू झिजत असताना तिच्या प्रतिकृतीही नष्ट होऊ शकतात, हे अजिंठ्याच्या इतिहासावरून दिसते. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्याचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिलने घेतलेली छायाचित्रे आणि ग्रिफिथ्सने १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध केलेले दोन खंड यांमुळेच या श्रमाचा काही भाग वाचला. प्रतिमा अनेक ठिकाणी व अनेक रूपांत असणे हेच तिचे संरक्षण होय, हा यातील बोध आहे.

दुसरी अडचण नावांची आहे. आजच्या लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर हा भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात आला व १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शिरूर अनंतपाळ हा तालुका तर त्यानंतरचा. त्यामुळे जुन्या सूचीत ‘लातूर’ वा ‘शिरूर अनंतपाळ’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. त्याला ‘बीदर’ किंवा ‘निजामाचा मुलूख’ याच मथळ्यांखाली पाहावे लागते. औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांचे उदाहरण बोलके आहे. जेम्स बर्जेस याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात त्यांची माहिती दिली असून तो वृत्तांत ‘बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेष’ या नावाचा आहे व लेण्यांचे नाव त्यात ‘करुसा’ असे येते. औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे आता अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली आहेत. यापुढील सूचीकारास जुनी व नवी दोन्ही नावे जोडून द्यावी लागतील. एरवी प्रतिमा सुरक्षित राहूनही ती ज्या गावाची आहे त्या गावाला सापडणार नाही.

जतन व उपयोग : अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या जुन्या छापप्रती उजेडाने फिकट होतात. दमट हवेने त्यांवर बुरशी चढते आणि काचेच्या ऋणप्रती तडकतात. म्हणून त्या आम्लविरहित कागदात, नियंत्रित तापमानात व अंधारात ठेवतात आणि वाचकांना अंकीय प्रती दाखवितात. मात्र अंकीय प्रत मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही. कागदाचा पोत, पाठीमागील शिक्का व हस्ताक्षर यांवरून काळ ठरविता येतो.

मोठ्या संग्रहांची दृष्टी साहजिकच राजवाडे, दुर्ग, लेणी व मान्यवर यांच्यावर खिळलेली असते. सामान्य गावांच्या जुन्या प्रतिमा त्यांत विरळा आढळतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीची माळवदी घरे कोसळली आणि अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या गावांच्या जुन्या गल्ल्या, वेशी, वाडे व चावड्या कशा होत्या, हे लग्नकार्यात, जत्रेत वा शाळेच्या समारंभात घेतलेल्या आणि घरोघरी पेट्यांत पडून राहिलेल्या छायाचित्रांच्या पार्श्वभूमीवरूनच आता कळू शकते. छायाचित्रकाराला त्यांचे महत्त्व वाटले नसेल, परंतु ग्रीनलॉच्या रथावरील शिखराप्रमाणे तीही एका नाहीशा झालेल्या वास्तवाची साक्ष देतात.

अल्काझी यांनी जगाच्या बाजारात विखुरलेली सामग्री एकत्र केली व तिला अभ्यासाची शिस्त लावून दिली. ही शिस्त अंगीकारण्यास मोठे द्रव्य लागत नाही. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने स्थळ, वर्ष, व्यक्तींची नावे व छायाचित्र कोणाकडून आले एवढी नोंद करणे, हे तालुक्याच्या ग्रंथालयासही शक्य आहे. ही नोंद करू शकणाऱ्या पिढीच्या हयातीतच ते काम झाले पाहिजे. त्यानंतर उरतात ते अनोळखी चेहरे.