तारेला फाटक का हवं? एका कुंपणाची गोष्ट

गेले तीन दिवस ओढ्याकडच्या बाजूचं कुंपण दुरुस्त करतोय. काळ्या रानात खांब सरळ राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब दारू प्यायल्यासारखा कलतो. पक्कड हातात धरून वैतागलो होतो, तेव्हा या काटेरी तारेचा इतिहास आठवला. तो आपल्याकडचा नाही, बर्फाच्या मुलखातला आहे.

अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने नव्या शेतकऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. पण त्या गवताळ मैदानात झाडंच नाहीत, तर कुंपणाला लाकूड आणायचं कुठून? आपण शेर, निवडुंग लावतो तशी त्यांनी ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची वई केली. पण ती दाट व्हायला वर्षं लागायची. साधी तार लावली तर गुरं अंग घासून ती पाडायची.

१८७३ साली इलिनॉय राज्यातल्या डीकॅल्बच्या जत्रेत एकाने खिळे ठोकलेली लाकडी पट्टी मांडली होती. ती जोसेफ ग्लिडन या साठीतल्या शेतकऱ्याने पाहिली. घरी येऊन त्याने तारेचे काटे वळवले. त्यासाठी कॉफी दळायचं यंत्र वापरलं, असं सांगतात. काटा जागेवरून सरकू नये म्हणून दुसरी तार पिळून घेतली. २४ नोव्हेंबर १८७४ ला त्याला पेटंट मिळालं. आज माझ्या बांधावरची तारही तशीच दुपेडी आहे.

तिथल्या थंडीत खांबाची गत आपल्यासारखीच होते, कारण मात्र वेगळं. जमिनीतलं पाणी गोठतं, बर्फाचे थर धरतात आणि माती खांबाला धरून वर उचलते. बर्फ वितळला तरी खांब पुरता खाली बसत नाही. दर हिवाळ्यात थोडा थोडा वर येतो. म्हणून जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली खांबाचा पाया न्यावा लागतो. तारेचंही तसंच. उन्हाळ्यात कडक ताणली तर थंडीत आखडून तुटते. फाटक जमिनीला टेकवून बसवलं तर बर्फात रुतून उघडतच नाही, म्हणून खाली मोकळी जागा सोडतात. मोठ्या रँचवर तर घोड्यावरून तारेच्या कडेने फिरून तुटलेली तार जोडणं, हेच काही गड्यांचं काम असायचं.

आता खरी गोष्ट. हिमवादळ आलं की गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात. उत्तरेची गुरं अशी दक्षिणेला येऊन आपलं गवत खातात, म्हणून टेक्सासच्या उत्तर भागातल्या पशुपालकांनी १८८० नंतर मैलोन् मैल आडवी तार ओढली. जानेवारी १८८६ मध्ये मोठं हिमवादळ आलं. गुरं चालत चालत तारेला येऊन थटली. पुढे तार, मागून वारा आणि मागच्या गुरांचा रेटा. हजारो जनावरं तिथेच उभ्या उभ्या गोठली, चेंगरली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते असं.

पुढच्याच हिवाळ्यात, १८८६-८७ ला, माँटाना, वायोमिंग, डकोटात त्याहून मोठा संहार झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचाही निम्म्याहून जास्त कळप गेला. त्यानंतर लोक कळप लहान ठेवू लागले आणि हिवाळ्यासाठी चारा साठवू लागले.

तारेने माणसांतही भांडणं लावली होती. रस्ते, पाणी बंद झाल्याने टेक्सासात लोक रात्री तारा कापायचे. १८८४ च्या कायद्याने तार कापणं हा गंभीर गुन्हा ठरला. पण त्याच कायद्याने आणखी एक सांगितलं : सार्वजनिक रस्त्यावर कुंपण घातलं असेल तर दर तीन मैलांवर फाटक ठेवायचं आणि ते दुरुस्त ठेवायचं. मला ही अट तारेच्या पेटंटपेक्षा मोठी वाटते.

कारण खरं सांगतो. ओढ्याकडून वर येणारी गुरांची जुनी वाट मी यंदा तारेने बंद करणार होतो. रानडुकरांनी मका आडवा केला, त्याचा राग होता. पण ओढ्याला पाणी चढलं की पलीकडच्या वस्तीची गुरं त्याच वाटेने उंचावर येतात. रात्री पाणी वाढलं तर पुढे माझी तार आणि मागे पूर.

काल तिथे दहा फुटी फाटक बसवलं. कडी दोन्ही बाजूंनी उघडेल अशी, कुलूप नाही. खाली वीतभर जागा सोडलीय, गाळ साचला तरी अडायचं नाही. वस्तीवरच्या काकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आता रात्री तुला उठवायला नको."

तुमच्या बांधावर अशी एखादी वाट बंद झालीय का? तार ओढायच्या आधी एकदा बघा, मंडळी.