जांभुळपिकल्या झाडाखाली

जांभुळपिकल्या झाडाखाली : ‘जैत रे जैत’ (१९७७) या मराठी चित्रपटातील युगुलगीत. कवी ना. धों. महानोर, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, स्वर आशा भोसले आणि रवींद्र साठे. चित्रपटाचे दिग्दर्शक जब्बार पटेल, निर्मात्या उषा मंगेशकर. नाग्याच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील. कथानक गो. नी. दांडेकर यांच्या याच नावाच्या कादंबरीवरून घेतलेले. गाणे लोकसंगीताच्या वळणाचे आहे, पण लोकगीत नव्हे. त्याच्याविषयी श्रोत्यांत जे मतभेद आहेत ते बहुतेक या एका वाक्याभोवती फिरतात.

ही नोंद बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या परिसरातून लिहिली आहे. कादंबरीचा डोंगर इथला नाही, तो कर्णाळ्याचा. बदलापूरहून चंदेरी, माथेरान, प्रबळगड ही रांग ओलांडली की पलीकडे कर्णाळ्याचा सुळका दिसतो. मात्र नाग्या-चिंधी ज्या ठाकर आदिवासी समाजाचे, त्याच्या वाड्या त्या रांगेच्या दोन्ही अंगांना आहेत, बारवीच्या पाण्याभोवतीही आहेत, आणि गाण्याच्या नावात जे झाड आहे ते तर बदलापूरचेच म्हणावे इतके इथले आहे.

कथा थोडक्यात. नाग्या हा भगताचा मुलगा. आग्या मोहोळाच्या माशांनी त्याचा डोळा घेतला, आणि लिंगोबाच्या डोंगरावरची मोहोळे उतरवीन असा पण त्याने केला. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे आली. चित्रपटाच्या शेवटी मोहोळे झडतात, पण माशांच्या डंखांनी चिंधी जाते. आग्या माशी पेटीत पाळता येत नाही. तिचे पोळे उघड्यावर, कड्याच्या कपारीला किंवा उंच झाडाच्या फांदीला एकेरी लोंबते. ते उतरवणारा माणूस जिवावर उदार असतो, हे डोंगरातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. जैत म्हणजे जय. कादंबरीच्या नावातला तो उच्चार विजयाचा आहे, आणि त्याची किंमत शेवटी कळते.

या कथेच्या मध्यभागी हे युगुलगीत येते. नाग्याचा पण आणि त्याचा सूड यांच्या दोन चढांमधली ती विसाव्याची जागा आहे. ढोल आहे, रान आहे, बाईचा स्वर पुढे आणि पुरुषाचा स्वर तिला धरून. रवींद्र साठे आणि त्यांच्याबरोबर चित्रपटातील इतर गाण्यांत असलेले चंद्रकांत काळे हे दोघेही पुण्याच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाच्या संचातले. समूहाने गाणे, गाता गाता कथा पुढे नेणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. जब्बार पटेलांनी तीच पद्धत पडद्यावर आणली. त्यामुळे ‘जैत रे जैत’मधली गाणी कथेला लावलेली झालर वाटत नाहीत, कथाच गाण्यांतून सांगितली जाते. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी त्याहून लांब गेली. चित्रपट कधीही न पाहिलेल्या घरांत ती आजही लागतात.

मतभेदाचा पहिला मुद्दा भाषेचा. महानोर हे पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या बाजूचे शेतकरी कवी. ‘रानातल्या कविता’ या १९६७ च्या संग्रहाने त्यांचे नाव झाले. त्यांचे रान म्हणजे ज्वारी-कपाशीचे शिवार, विहीर, मोट, पाखरे. ठाकर राहतात ते सह्याद्रीच्या उतारावर, भात-नाचणी-वरईच्या मुलखात. क-ठाकर आणि म-ठाकर अशा त्यांच्या दोन शाखा, त्यांची ठाकरी बोली वेगळी, तिचा हेल वेगळा. गाण्यातल्या ओळी संपतात तो ‘जी’ घाटावरच्या शाहिरांच्या झीलकऱ्यांचा आहे, ठाकरवाडीतला नव्हे. बोलीचा कान असलेले श्रोते म्हणतात की, गाण्यात ठाकर दिसतात, ऐकू येतो मात्र मराठवाडा. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

उलट बाजूचे श्रोते विचारतात, कवीने ठाकरीची नक्कल केली असती तर काय हाती लागले असते? नक्कल कानाला लगेच टोचते. महानोरांनी आपल्या रानाची भाषा आणली, तिच्यात मातीचा ओलावा होता, म्हणून गाणे जिवंत राहिले. हेही खरे आहे. दोन्ही बाजू बरोबर असल्या तरी प्रश्न मिटत नाही, कारण वाद कवितेच्या गुणाचा नसून तिच्यावर लावलेल्या पाटीचा आहे.

दुसरा मुद्दा स्वरांचा. आशा भोसले यांचा आवाज या गाण्यात खेळतो, लचकतो, शब्दाच्या टोकाला हलकेच थांबतो. काहींच्या मते चिंधीचा हट्ट आणि धीटपणा नेमका तिथे सापडतो. काहींना हा आवाज फार तासलेला वाटतो. त्यांना साठ्यांचा मोकळा, छातीतून येणारा स्वर डोंगरातला वाटतो. युगुलगीतात दोन आवाज एका जातीचे असावेत अशी त्यांची अपेक्षा असते. मला ही अपेक्षाच पटत नाही. चिंधी आणि नाग्या एका जातीचे असले तरी एका स्वभावाचे नाहीत. ती पुढे जाणारी आहे, तो पणाला बांधलेला आहे. दोन आवाजांत जे अंतर ऐकू येते ते कथेतलेच अंतर आहे. ज्यांना ते खटकते त्यांनी एकदा पुरुषाच्या स्वराकडे लक्ष ठेवून गाणे ऐकावे.

तिसरा आक्षेप कादंबरीच्या वाचकांचा, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांनी डोंगर पायी तुडवले, किल्ल्यांवर मुक्काम केले आणि तिथल्या माणसांवर लिहिले. त्यांच्या नाग्याला सतावणारा प्रश्न पुण्याचा आहे : आपण पुण्यवंत आहोत का, आणि असलो तर राणीमाशी आपल्यावर का उलटली? गाण्यांमुळे लोकांच्या मनात प्रेमकथा राहिली आणि हा प्रश्न मागे पडला, असे या वाचकांचे म्हणणे. कादंबरीवरून गाणे झाले की हे घडते. १९७८ साली इंग्लंडमध्ये केट बुश हिचे एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’वरचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्यावर डोलणाऱ्या कितीतरी जणांनी कादंबरी उघडलीही नव्हती. आपल्याकडे आनंद यादवांच्या ‘नटरंग’वर २०१० साली चित्रपट आला, आणि अजय-अतुल यांच्या गाण्यांनी नायक गुणाची शोकांतिका अनेकांसाठी लावणीच्या ठेक्यात विरघळली. गाणे कादंबरीतून एक क्षण उचलते. तो क्षण पूर्ण असेल तर त्याला बाकीच्या पानांची गरज राहत नाही. यात गाण्याचा दोष नाही, पण कादंबरी वाचायची राहून जाते हा तोटा मात्र खरा.

आता झाडाकडे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मे उतरता उतरता आणि जूनच्या आरंभी वाड्यांवरच्या बाया पाट्या घेऊन पहाटेच बदलापूर स्टेशनच्या बाहेर बसतात. पाटीवर ओली पाने, पुढ्यात पानांवर मांडलेले वाटे. फळ इतके हुळहुळे की, तळहातावर जरा जास्त वेळ ठेवले तर साल सुटते. जांभळाची फांदी ठिसूळ असते, दिसायला जाड आणि वजन पडले की काडकन मोडणारी. म्हणून हलक्या अंगाचा पोरगा वर चढतो आणि खाली चादर धरून दोघे-तिघे उभे राहतात. मिरगाचा पाऊस एकदा जोरात झाला की फळात आळी पडते आणि हंगाम संपतो. सारा खेळ जेमतेम काही आठवड्यांचा.

हे माहीत असलेला माणूस गाण्याचे नाव वेगळे ऐकतो. वाड्यांवरची लग्ने चैत्र-वैशाखात होतात आणि पेरणीची घाई सुरू होण्याआधी उरकतात. जांभूळ पिकते ते नेमके या लग्नसराईच्या शेवटी. म्हणजे जांभळीखाली वाजणारा ढोल हा वर्षातला शेवटचा निवांत ढोल असतो, त्यानंतर थेट चिखलणी. पळसखेड्याच्या कवीला हे कसे साधले ते ठाऊक नाही, पण हंगाम अचूक आहे. भाषेचा आक्षेप घेणाऱ्यांनी निदान एवढे श्रेय द्यायला हवे.

जांभूळ ओढ्याकाठी, ओलीच्या जागी वाढते. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, १९७२ चे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी ७२.६० मीटरच्या नव्या पातळीपर्यंत चढले. साठा ३३८ दशलक्ष घनमीटरांच्या वर गेला. तोंडली, काचकोळी, मोहघर, कोळे-वडखळ अशा गावापाड्यांची जमीन त्यात गेली. पाणी चढते तेव्हा सगळ्यात आधी ओढ्याचे काठ बुडतात, आणि काठ बुडाले की काठची झाडे. उल्हासनगर, अंबरनाथपासून मिरा-भाईंदरपर्यंतच्या नळांना हे पाणी जाते. ज्या झाडांखाली ढोल वाजले असतील त्यांतली किती आता पाण्याखाली आहेत याची मोजदाद कोणी ठेवत नाही. या परिसरात गाणे ऐकताना काही वयस्क माणसे गप्प होतात. त्यांना त्यात चिंधी-नाग्या दिसत नसावेत, बुडालेला काठ दिसत असावा. हेही गाण्याविषयीचे एक मतच आहे.

राहिला मुद्दा खुद्द ठाकरांचा. ठाकरांचा कांबड नाच आहे, गौरीची गाणी आहेत, लग्नात धवळेरी गाते ती गाणी आहेत. एका धवळेरीला शेकड्यांनी ओळी पाठ असतात आणि त्या कागदावर नसतात. या समाजाचा पहिला मोठा अभ्यास ल. ना. चापेकर यांनी ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ या इंग्रजी ग्रंथात १९६० साली मांडला. ना. गो. चापेकरांनी तर त्याआधीच ‘आमचा गाव बदलापूर’ लिहून गावाची नोंद कशी करावी याचा धडा घालून दिला होता. म्हणजे नोंदीची परंपरा याच मातीत आहे. तरी वाड्यांवरच्या लग्नात आता बेंजो आणि डीजे असतात, आणि ‘आदिवासी गीत’ हवे असेल तेव्हा ‘जैत रे जैत’मधले गाणे लावले जाते. तरुण ठाकर मुले-मुली त्यावर मनापासून नाचतात. कोणी ते आपले मानले तर त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. गाणे ज्याने नाचून आपलेसे केले त्याचे ते झालेच. पण त्याच वाडीतल्या आजीला आपले गाणे म्हणायला कोणी बोलावत नाही, हे पाहून जीव तुटतो.

माझा निर्णय असा : गाणे उत्तम आहे, आणि ते महानोर-मंगेशकरांचे आहे. त्याला ठाकरांचे लोकगीत म्हणणे चूक आहे. त्या चुकीने कवीचे नाव पुसले जाते आणि ठाकरांच्या खऱ्या गाण्यांची जागाही जाते.

शाळा, आश्रमशाळा आणि मंडळांच्या स्नेहसंमेलनांत निवेदन करणाऱ्यांना एवढीच विनंती : या गाण्याआधी कवी, संगीतकार आणि कादंबरीकार अशी तिन्ही नावे घ्या. आणि त्याच कार्यक्रमात वाडीतल्या एखाद्या धवळेरीला दहा मिनिटे द्या, तिचे गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, खाली तिचे नाव, वाडीचे नाव आणि तारीख लिहून ठेवा.