सेलूचा कापूस, करोडगिरी आणि १९४८ची बंदी

परभणी जिल्ह्यातले सेलू हे कापसाचे गाव. निजामी अमलात ते पाथरी तालुक्यात मोडत असे. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटर गेज लाइन मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी असा मार्ग धरत हैदराबादकडे गेली आणि दुधनेच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या रानातला कापूस थेट मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. स्टेशनच्या आसऱ्याने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, मोंढा वाढला, अडते आणि हुंडेकरी आले. त्यानंतर सेलूची तेजी-मंदी ठरली ती गावाबाहेर, बहुतेकदा राज्याबाहेर.

राज्याबाहेर म्हणजे नेमके कुठे, हे तेव्हा नाक्यावर कळत असे. हैदराबाद संस्थानाचे जकात खाते करोडगिरी या नावाने ओळखले जाई. कंपनी सरकारशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहाने आयात-निर्यातीवर किमतीच्या पाच टक्के जकात ठरली आणि हा आकडा पुढे दीर्घकाळ संस्थानी जकातीचा पाया राहिला. संस्थानाचे नाणेही वेगळे. घरचा तो हाली रुपया, इंग्रजी तो कलदार, आणि शंभर कलदारांना ११६ हाली रुपये १० आणे ८ पै असा सरकारी भाव. सेलूचा व्यापारी कापूस मुंबईला विकून कलदार घ्यायचा आणि शेतकऱ्याला हालीत पैसे मोजायचा. दोन नाणी, दोन कायदे आणि मध्ये करोडगिरीचा नाका, अशी ही रोजची व्यवस्था होती. तिचा हेतू महसूल गोळा करण्याचा होता. माल शत्रूच्या हाती पडेल का, हा प्रश्न तिथल्या नाकेदाराच्या दप्तरात नव्हता.

तो प्रश्न पहिल्या महायुद्धाने आणला, आणि आणला तो कापसाच्याच बाबतीत. सरकी काढल्यावर तिला जी आखूड लव चिकटून राहते तिला लिंटर म्हणतात. ही लव किंवा साफ केलेली रुई नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात मुरवली की गनकॉटन तयार होते. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली हे जाहीर केले. बिनधुराच्या दारूचा, उदाहरणार्थ कॉर्डाइटचा, हा एक मुख्य घटक. हिंदुस्थानात निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या सरकारी कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कॉर्डाइट बनत होते. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने कापसाला लगेच हात लावला नाही, कारण अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या कापूसवाल्यांना दुखवायचे नव्हते. अखेर ऑगस्ट १९१५ मध्ये कापूस संपूर्ण युद्धनिषिद्ध माल म्हणून जाहीर झाला. युद्धाआधी हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला जपानखालोखाल युरोपात गिऱ्हाईक होते, आणि त्यात जर्मनी व ऑस्ट्रिया होते. ती बाजारपेठ युद्ध पेटताच तुटली होती. आता धोतराचा कापूस आणि तोफेचा कापूस यांत कायद्याच्या दृष्टीने फरक उरला नाही. गाठ कोणत्या बंदरावर उतरणार, एवढेच पाहिले जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले, फक्त गिऱ्हाईक बदलले. भारत संरक्षण नियमांखाली १९३९ पासून परवान्याशिवाय माल बाहेर पाठवणे बंद झाले. जुलै १९४१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि आखूड धाग्याच्या कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक गेला. युद्ध संपले तरी परवाने संपले नाहीत. युद्धकाळातला हा अधिकार मार्च १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यात कायम झाला आणि स्वतंत्र भारताला तो तयार मिळाला.

त्या अधिकाराचा आणि शेजारच्या प्रांतांच्या पोलिसी अधिकारांचा मोठा प्रयोग ज्या प्रदेशावर झाला, त्यात सेलू होते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबादने भारतात सामील होण्याचे टाळले. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. करार म्हणतो त्याप्रमाणे जुनी व्यवस्था चालू राहायची होती, पण जुनी व्यवस्था म्हणजे काय यावरच भांडण जुंपले. संस्थानी फौज आणि पोलिस यांना लागणारी शस्त्रे पूर्वी इंग्रज सरकारकडून मिळत. ती तशीच मिळावीत, असा हैदराबादचा आग्रह होता. रझाकारांचा, म्हणजे निजामसमर्थक सशस्त्र स्वयंसेवकांचा, धुमाकूळ चालू असताना ती देण्यास दिल्ली राजी नव्हती.

निजाम सरकारनेही काही आठवड्यांत दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्या-चांदीसारख्या मौल्यवान धातूंची भारतात निर्यात रोखली. दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर नाणे राहणार नाही असे ठरवले. शिवाय पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात देऊ केले. दिल्लीला हे कर्ज झोंबले. मोंढ्यात मात्र झळ बसणार होती ती चलनाच्या वटहुकमाची. ज्याची सगळी विक्री कलदारात होते त्या अडत्याला कलदारच परका झाला.

भारताच्या बाजूने जे रोखले गेले त्याची अधिकृत यादी छोटी होती. बंदी शस्त्रे, दारूगोळा आणि लष्करी उपयोगाच्या मालापुरती आहे, आर्थिक नाकेबंदी नाही, असे दिल्ली सांगत राहिली. हैदराबादची तक्रार वेगळी होती. पेट्रोल येत नाही, यंत्रांचे सुटे भाग येत नाहीत, औषधे अडकतात, एवढेच काय, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी लागणारा क्लोरीनही रोखला जातो, असे तिचे स्वरूप होते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. दिल्लीचा हुकूम मर्यादित असला तरी तो अमलात आणणारे होते प्रांतांचे अधिकारी, पोलिस आणि रेल्वेचे कर्मचारी. संशय आला की माल अडवणे त्यांच्या दृष्टीने सोपे होते, सोडला आणि चुकला तर जाब द्यावा लागे. अशा वेळी यादी कागदावर वाढत नाही, नाक्यावर वाढते.

क्लोरीनचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियमच्या ईप्रजवळ जर्मनांनी आघाडीवर सोडलेला विषारी वायू तो हाच. त्या अर्थाने तो युद्धसामग्री आहे. त्याच वायूने धरणाचे आणि तळ्याचे पाणी पिण्याजोगे होते आणि पटकी आटोक्यात राहते. सिलिंडर पाहून तो कशासाठी चालला आहे हे कुणालाही सांगता येणार नाही. पेट्रोलचेही तसेच. ते प्रवासी मोटारींत जाते आणि रझाकारांच्या लॉरीतही जाते. सुट्या भागांत तर सेलूसारख्या गावाचा जीव अडकलेला असे. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचा रूळ आणि त्याला भिडलेली पोलादी सुरी असते. रूळ झिजतो, सुरीला धार लावून लावून ती बदलावी लागते. वर इंजिनाचे पट्टे, वंगण, आणि गाठ बांधायला लोखंडी पट्ट्या व गोणपाट. सुमारे ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलोंच्या आसपासची गाठ प्रेसमधून निघाली की या पट्ट्यांवाचून ती टिकत नाही. यातले बहुतेक सामान संस्थानाबाहेरून यायचे.

ते येण्याची वाटही एकच मोठी होती. मनमाडला ब्रॉड गेज संपून मीटर गेज सुरू होई, त्यामुळे मुंबईकडून येणारी प्रत्येक पेटी हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात असे. रेल्वेच्या भाषेत ही गैरसोय होती. माल तपासणाऱ्याला मात्र याहून चांगली जागा मिळाली नसती, कारण पेटी तिथे उघड्यावर येतेच. मनमाड मुंबई प्रांतात होते आणि त्याच्या पुढचे नगरसूलही. रोटेगावपासून निजामी हद्द. उत्तरेकडची वऱ्हाडची सरहद्द बैलगाडीने ओलांडता येई आणि तिथे चोरवाटा पुष्कळ, पण यंत्रे आणि पिंपे अशा वाटांनी जात नाहीत.

खरी शस्त्रे मात्र मनमाडवरून आलीच नाहीत. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ च्या उन्हाळ्यापासून लँकास्ट्रियन विमानांतून कराचीहून शस्त्रे आणून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवली. रात्री उडणाऱ्या विमानाला करोडगिरीचा नाका लागत नाही. या उद्योगाबद्दल ब्रिटिश न्यायालयाने पुढे त्याला दंड केला, तो २०० पौंड. एकूण हिशेब मांडला तर जमिनीवरच्या बंदीने क्लोरीन आणि वंगण अडले, बंदुका पोचल्या. बंदीने हैदराबाद सरकारवर दबाव आणला हे खरे, पण ज्या वस्तूंसाठी ती काढली त्याच तिच्या हातून निसटल्या.

निजामाविरुद्ध लढणाऱ्यांकडेही शस्त्रे जात होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असताना तिच्या कृती समितीचे काम दिगंबरराव बिंदू आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते सरहद्दीबाहेरून चालवत होते. मनमाड, उमरखेड, बार्शी अशा ठिकाणांच्या आसपास कार्यकर्त्यांची शिबिरे होती. मराठवाड्यातल्या गावांत शिरून ते करोडगिरीचे नाके जाळत, दप्तरे नष्ट करत. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली तीही याच लढ्यातली कारवाई. या शिबिरांना लागणाऱ्या बंदुका आणि काडतुसे भारताच्या हद्दीतूनच मिळत, आणि तिकडे काणाडोळा होई. म्हणजे तीच बंदूक निजामाच्या पोलिसाला निषिद्ध आणि सरहद्दीवरच्या स्वयंसेवकाला चालण्याजोगी. त्या काळच्या राजकारणात हे विसंगत नव्हते. माल कोण वापरणार, यावरच सगळे ठरत होते.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेला. परिषदेने पॅरिसमध्ये तो १६ सप्टेंबरला चर्चेला घेतला, पण तोवर भारताच्या लष्करी कारवाईचे, म्हणजे पोलिस ॲक्शनचे, तीन दिवस उलटले होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हद्दीत शिरल्या, १४ला औरंगाबाद आणि १५ला जालना हाती आले, १७ला निजामाने शरणागती पत्करली. बंदी आपोआप संपली. करोडगिरी आणि हाली नाणे लगेच गेले नाहीत. घटनेने हैदराबादसारख्या ब वर्गातल्या राज्यांना अंतर्गत जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. पन्नासच्या दशकात दोन्हींचा निकाल लागला. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. कापसावरचे नाके मात्र पुन्हा एकदा आले. महाराष्ट्र सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्याला कापूस राज्याबाहेर विकण्यास मनाई होती आणि तिकडे भाव चढला की रात्रीच्या गाड्या सरहद्द गाठत. त्यात युद्धाचा संबंध नव्हता.

युद्धोपयोगी मालावरचे नियंत्रण १९४८ नंतर देशाच्या सरहद्दीवर गेले, आणि बराच काळ भारत त्याच्या मार खाणाऱ्या बाजूला होता. मे १९७४ च्या पोखरण अणुस्फोटानंतर आण्विक पुरवठादार देशांचा गट बनला. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने तारापूर अणुवीज केंद्राच्या इंधनात अडथळा आला आणि १९८२ साली फ्रान्सने ते देण्याचे मान्य केले. ऐंशीच्या दशकात शक्तिशाली संगणक देताना अमेरिकेने हात आखडता घेतला. त्यातून पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

नंतर भारताने स्वतः यादी केली. स्कोमेट या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्यात विशेष रसायने, जीवाणू-विषाणू, पदार्थ, उपकरणे व तंत्रज्ञान येतात. १९९२ चा विदेश व्यापार कायदा, त्यात २०१० साली घातलेले प्रकरण आणि २००५ चा सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा कायदा हा तिचा आधार. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात २०१६, वासेनार गटात २०१७ आणि ऑस्ट्रेलिया गटात २०१८ साली भारत दाखल झाला. यादीतला माल पाठवायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाकडे अर्ज करावा लागतो, माल अखेर कोण आणि कशासाठी वापरणार याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि अनेक मंत्रालयांचा संयुक्त गट तो तपासतो. यादीत नसलेली वस्तूही सर्वसंहारक शस्त्रासाठी चालली आहे असे निर्यातदाराला माहीत असेल, तर ती पाठवता येत नाही. १९४८ च्या क्लोरीनचा पेच या एका कलमात अजून शिल्लक आहे. निर्यातीचे कागद पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे.

सेलूच्या रुईची गाठ या यादीत नाही. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे गनकॉटन ज्या जातीचे ते रसायन, मात्र आहे, आणि तिथे रेघ नायट्रोजनच्या प्रमाणावर ओढलेली आहे. १२.५ टक्क्यांच्या वर गेले की ते दारूगोळ्यात गणले जाते आणि त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. त्याखालचे नायट्रोसेल्युलोज लाकडी सामानाच्या लॅकरमध्ये, छपाईच्या शाईत आणि नेलपॉलिशमध्ये जाते. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपातल्या दारूगोळा कारखान्यांना लिंटरची टंचाई भासू लागली आणि चीनवरचे अवलंबित्व चर्चेत आले, तेव्हा सरकीची ती आखूड लव शंभर वर्षांनी पुन्हा संरक्षण खात्यांच्या हिशेबात आली.