मुळशीच्या जात्यावरील कवयित्री

मुळशी पेट्याचें नांव इतिहासांत आलें तें १९२१ ते १९२४ च्या सत्याग्रहामुळें. टाटांच्या धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं दिलेला तो लढा सर्वविश्रुत आहे. त्याच डोंगरांतील दुसरा एक इतिहास मात्र दीर्घकाळ कोणाच्याच वहींत उतरला नव्हता. तो घडत होता भल्या पहांटे, जात्यापाशीं. आणि त्याच्या कर्त्या होत्या तेथील कष्टकरी स्त्रिया.

शाहिराचें जीवन लोकांपुढें असतें. त्याला फड असतो, बिदागी असते. रचनेच्या अखेरच्या चरणांत तो आपलें नांव गुंफतो. रामजोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव हीं नांवें अशींच लोकांच्या तोंडीं राहिलीं. ओवी गाणारीला यांतलें कांहींच नव्हतें. लहानपणीं आईच्या शेजारीं बसून ती जात्याचा खुंटा धरी आणि दळणाबरोबर गाणेंहि शिके. माहेरच्या ओव्या घेऊन ती सासरीं येई, सासूजवळच्या आणखी उचली; आणि स्वतःचें दुःख सांगावयाचें तर आपली ओवी आपणच रची. भाऊ, लेक, पाऊस, पंढरीची वाट, सासुरवास हे तिचे विषय. जात्याचा फेरा हाच तिचा ताल. आयुष्यभर चाललेल्या या कारकीर्दींत तिच्या ओवीवर तिचें नांव नसे.

ही परंपरा फार जुनी आहे. ११२९ च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आढळतो. इतक्या शतकांनंतर ती खुंटली ती पिठाच्या गिरणीमुळें. गिरणीनें बायकांचे कष्ट वाचविले, ही गोष्ट लहान नव्हे; परंतु जातें थांबलें तशी गाण्याची जागाहि गेली.

ऐन त्या काळांत, १९८० नंतर, गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनीं मुळशीच्या डोंगरांत गरीब डोंगरी संघटनेच्या कामाबरोबरच ओव्या उतरून घेण्यास आरंभ केला. गांवच्याच स्त्रिया या कामीं पुढें आल्या. संग्रह हजारांहून अधिक गांवांत पसरला आणि ओव्यांची संख्या लाखावर गेली. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें कित्येक ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानें त्या लोकांपुढें आणल्या.

या संग्रहांत ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांव नोंदलेलें असतें. नांदगांवच्या कुसुम सोनवणे, कोळवड्याच्या ताराबाई उभे अशीं मुळशीचीं नांवें तेथें वाचावयास मिळतात. शाहीर जें नांव अखेरच्या चरणांत आपण होऊन घाली, तें या स्त्रियांना नोंदीच्या रकान्यांत मिळालें. अर्थात् तें नांव गाणारीचें आहे. मूळ ओवी रचणारी कदाचित् तिची आजी किंवा पणजी असेल. सही करणाऱ्यांनाच कवि मानणारा मराठी कवितेचा इतिहास म्हणूनच अपुरा आहे. त्याच्या कितीतरी कवयित्री दळण संपवून न बोलतां उठून गेल्या.